बॉनेटखाली कोणत्या पार्टला कोणता रंग?

जुनी गाडी घेतली की बॉनेट उघडल्यावर ठरलेलंच दृश्य असतं. सगळीकडे तेलाची काळी साय, बॅटरीखाली गंज, टॅपेट कव्हरवर, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर, रंगाचे पोपडे. मग रविवारी स्प्रेची एक काळी डबी येते आणि जमेल तिथे मारली जाते. चार महिन्यांत एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा, म्हणजे इंजिनातून जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांवरचा रंग राख होऊन झडतो, बॅटरीखालचा फुगतो आणि ब्रेक ऑइलच्या डबीखालचा चिकट होऊन बोटाला लागतो. डबी एकच होती, पण एका जागी तिला आगीने खाल्लं, दुसऱ्या जागी ॲसिडने आणि तिसऱ्या जागी ब्रेक ऑइलने.

म्हणून दुकानात जाण्याआधी प्रत्येक पार्टबद्दल दोन गोष्टी विचारायच्या: हा किती तापतो आणि याच्यावर काय सांडतं? काळा की सिल्व्हर, ग्लॉसी की मॅट, हे सगळ्यात शेवटी. आणि एक गैरसमज आत्ताच काढून टाका. ‘६०० डिग्रीचा रंग घेतला की सगळीकडे चालेल’ असं काउंटरवर हमखास ऐकायला मिळतं. ते चालत नाही. का, ते पुढे सांगतो.

आधी मोजा

इन्फ्रारेड थर्मामीटर, म्हणजे लांबून तापमान सांगणारी बंदूक, हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. कोरोनाच्या काळात कपाळावर धरायचो ती इथे उपयोगाची नाही. तिचा आवाका माणसाच्या तापापुरता. किमान ४०० डिग्री सेल्सियसपर्यंत मोजणारी घ्या. विकत घ्यायची नसेल तर एसीचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे बहुतेक असतेच, तासाभरासाठी मागून आणा.

गाडी शहरात दोन चकरा मारून मोजू नका. संभाजीनगरहून जालन्याकडे भर दुपारी एसी लावून, गाडी भरलेली असताना जा, मग थांबून लगेच बॉनेट उघडा आणि मोजा. पाच-दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. इंजिन बंद केलं की कूलंट फिरायचं थांबतं, समोरून येणारी हवाही थांबते आणि वरच्या भागांचं तापमान काही मिनिटं उलट चढतं. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आला तर तोच धरा. मोजताना हात पंख्यापासून लांब ठेवा. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद असतानाही रेडिएटरचा पंखा अचानक फिरायला लागतो.

चकचकीत ॲल्युमिनियमवर ही बंदूक खरं सांगत नाही, आकडा बराच कमी दाखवते. टॅपेट कव्हरसारख्या जागी काळ्या मॅट टेपचा तुकडा चिकटवून त्याच्यावर नेम धरला की आकडा खऱ्याजवळ येतो. मॅनिफोल्डवर मात्र टेप लावायची नाही, जळेल.

ढोबळ अंदाज असा. आतले पत्रे, म्हणजे दोन्ही बाजूंचे एप्रन आणि पुढचा रेडिएटर सपोर्ट, साधारण ६० ते ८०. फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा, मॅनिफोल्ड तिच्या बाजूला असेल तर याहून बरीच वर. ब्लॉक आणि टॅपेट कव्हर ९० ते १२०. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोचं एक्झॉस्टकडचं घर मात्र वेगळ्याच जगात: ओढ पडली की ४०० ते ७००, आणि पेट्रोलच्या टर्बो गाडीत त्याच्याही वर.

डबीवरचा आकडा वाचायला शिका

बाहेरून आलेल्या स्प्रेच्या डब्यांवर तापमान बहुधा फॅरेनहाइटमध्ये लिहिलेलं असतं, आणि मोठ्या अक्षरातला ५०० बघून माणूस खूश होतो. ५०० फॅरेनहाइट म्हणजे २६० सेल्सियस. १२०० म्हणजे सुमारे ६५०. म्हणजे ५०० ची डबी टॅपेट कव्हरला उत्तम, पण मॅनिफोल्डवर ती टिकणार नाही. आकड्याशेजारी एफ आहे की सी, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरं, तो आकडा सततचा आहे की क्षणभराचा? बारीक अक्षरात ते लिहिलेलं असतं. क्षणभराचा असेल तर रोजच्या वापराला त्याच्यापेक्षा बराच कमी धरा.

आता त्या ६०० डिग्रीच्या रंगाकडे. हा बहुतेक सिलिकॉन रेझिनचा असतो, आपल्याकडे सिल्व्हर म्हणजे ॲल्युमिनियमच्या छटेत सहज मिळतो. तो लावल्यावर अर्ध्या तासात हाताला कोरडा लागतो, पण खऱ्या अर्थाने पक्का होतो तो साधारण २०० डिग्रीला भाजल्यावर. एप्रनचा पत्रा ८० च्या पुढे जातच नाही, तिथे हा रंग वर्षभर कच्चाच राहतो. नखाने ओरखडा उठतो, डिझेलचं फडकं फिरवलं की फडक्यावर येतो. जास्त सोसणारा रंग थंड जागी कमी टिकतो, तो यामुळे. आमच्या ओळखीचे एक मिस्त्री गिऱ्हाइकाला एका वाक्यात सांगतात, “दादा, भट्टीचा रंग भट्टीलाच लावा, तो घरात वाळत नसतो.”

आता एकेक जागा

आतले पत्रे आणि फायरवॉल. इथे उष्णता बेताची, त्यामुळे बॉडीला लागतो तोच रंग लावायचा: इपॉक्सी प्रायमर (अस्तर) आणि वर टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून पक्का होणारा दोन भागांचा रंग. डेंटर-पेंटरकडे गाडीच्या कलर कोडवरून छटा बनवून मिळते. गॅरेजात अजूनही ‘डुको मारून देतो, स्वस्तात होईल’ असं सांगणारे भेटतात. डुको म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. झटकन वाळतो, चमकतोही, पण पेट्रोलचं फडकं लागलं की खराब होतो. बॉनेटखाली त्याला थारा देऊ नका. नव्या गाड्यांत पत्रा अनेकदा जस्ताचा मुलामा असलेला असतो. त्याच्यावर सरळ सिंथेटिक इनॅमल मारला तर काही महिन्यांत पापुद्र्यासारखा निघतो. इपॉक्सी किंवा एच (etch) प्रायमरचं, म्हणजे धातूला किंचित कुरतडून पकड घेणारं अस्तर हवंच.

बॅटरीचा ट्रे आणि त्याखालचा पत्रा. इथे शत्रू ॲसिड. ट्रे काढा, पांढरी-हिरवी भुकटी हाताने खरवडू नका, हातमोजे घाला. लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे खायचा सोडा घालून ते पाणी ओता. फसफसेल. फसफस थांबेपर्यंत ओतत राहा, मग भरपूर साध्या पाण्याने धुवा. ही पायरी गाळून रंग मारला तर रंगाखाली ॲसिड पत्रा खात बसतं आणि वरून महिनाभर सगळं छान दिसतं. गंज कानाकोपऱ्यातून घासून काढल्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, वर टू-के. पत्रा आरपार गेला असेल तर आधी वेल्डिंगवाल्याकडे. पुट्टी भरून वर रंग मारला तर पुढचा मालक तुम्हाला शिव्या देईल.

ब्रेक मास्टर सिलिंडर (ज्याच्यावर ब्रेक ऑइलची डबी बसते) आणि त्यामागच्या गोल बूस्टरची बाजू. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, ते साध्या रंगाला काही मिनिटांत सोलून काढतं. बऱ्याच जुन्या गाड्यांत बूस्टरच्या पुढच्या तोंडाला एक गंजलेली धार खाली गेलेली दिसते, ती याचीच. आधी गळती बंद करा. मग इपॉक्सी अस्तर आणि टू-के, आणि रंग पूर्ण पक्का व्हायला आठवडाभर द्या. इतकं करूनही पुढे ब्रेक ऑइल सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. हे ऑइल पाण्यात मिसळतं आणि वाहून जातं. क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याच्या डबीखालीही हाच नियम.

ब्लॉक, टॅपेट कव्हर, चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं). यांच्यासाठी ‘इंजिन इनॅमल’ नावाने मिळतो तो घ्या, १५० ते २६० सेल्सियसच्या पट्ट्यातला, तेल आणि पेट्रोल सोसणारा. बिडाच्या ब्लॉकला काही जण ट्रॅक्टरच्या छटेतला साधा सिंथेटिक इनॅमल मारतात. मराठवाड्यात ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तो गावोगावी मिळतो, आणि खरं सांगायचं तर ब्लॉकच्या थंड बाजूला बऱ्यापैकी टिकतोही. एक्झॉस्टच्या बाजूला मात्र पिवळा पडून तडकतो. ज्याला एकदाच काम करायचंय त्याने इंजिन इनॅमलच घ्यावा.

टॅपेट कव्हर ॲल्युमिनियमचं असेल तर रेड ऑक्साइड त्याच्या जवळही आणू नका. ते लोखंडासाठी असतं, ॲल्युमिनियमला धरत नाही. इथे एच प्रायमरचा पातळ हात लागतो, त्यातलं सौम्य ॲसिड धातूचा पृष्ठभाग किंचित कुरतडतं आणि वरच्या रंगाला पकड मिळते. त्याच्यावर कोणता रंग चालतो हे डबीवर पाहून घ्या. काही इनॅमलना त्यांच्याच कंपनीचा प्रायमर लागतो. कव्हर प्लॅस्टिकचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: स्वच्छ धुवा आणि तसंच राहू द्या. एअर फिल्टरच्या डब्यालाही तेच.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. इथेच तो भट्टीचा रंग. डिझेलला ६०० ते ६५० सेल्सियसचा पुरतो. याच्याखाली कुठलंही साधं अस्तर चालत नाही, ते जळतं आणि वरच्या रंगाला घेऊन पडतं. धातू उघडा, पांढरा होईपर्यंत घासलेला हवा, शक्य असेल तर सँडब्लास्ट केलेला. हात पातळ. जाड थर तापला की फुगतो. छटेत काळा किंवा सिल्व्हर एवढेच भरवशाचे. लाल-निळे रंग या तापमानाला फिके पडून मातकट होतात. आणि मॅनिफोल्डला तडा असेल, गॅस्केटपाशी काजळी दिसत असेल, तर रंगाचं नावही काढू नका, आधी ते काम.

हीट शील्डला काही करायचं नाही. त्याची चकाकी उष्णता परतवते म्हणून ते तिथे आहे. काळं केलं की कामातून गेलं.

रेडिएटरच्या पंखांवर जाड रंग मारू नका, फटी बुजतात आणि इंजिन तापतं. पुढून दिसतो म्हणून मारायचाच असेल तर अगदी पातळ काळा फवारा, दुरून, एकदाच.

ब्रॅकेट, क्लॅम्प, बॅटरीचा पट्टा, पुलीचं तोंड असं सुटं निघणारं लोखंडी सामान असेल तर पावडर कोटिंगचा विचार जरूर करा. संभाजीनगरकरांना हे सोपं आहे. बजाजचा कारखाना १९८५ साली वाळूजला आला आणि त्याच्या मागे सुटे भाग बनवणारे लहान-मोठे कारखाने आले. पावडर कोटिंग आणि प्लेटिंगची जॉब वर्कची कामं वाळूज, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत होतात. एकट्या ब्रॅकेटला कोणी हात लावणार नाही, पण काळ्या रंगाची मोठी लॉट चालू असेल तेव्हा तुमचं सामान त्यात टांगून देतात. म्हणून छटा काळीच सांगा आणि घाई करू नका. पावडर १८० ते २०० डिग्रीच्या भट्टीत भाजली जाते, त्यामुळे रबर बुश, बेअरिंग, सील, प्लॅस्टिक सगळं आधी काढून द्यायचं. आटे आणि बोल्टची बसायची जागा बुजवायला सांगायचं, नाहीतर परत आल्यावर टॅप मारून आटे मोकळे करत बसाल. वर्षानुवर्षं तेल प्यालेलं ओतीव ॲल्युमिनियम भट्टीत तेल ओकतं आणि पावडरला फोड येतात. असा पार्ट आधी रिकामा भाजून घेतात, तशी आठवण करून द्या. नट-बोल्टना रंग नकोच. झिंक प्लेटिंग करून घ्या, पान्याने रंग तरी उडणार आहेच.

कुठे रंग नको

ही यादी छापून बॉनेटला आतून चिकटवली तरी चालेल. अर्थिंगचे पॉइंट: पत्र्याला किंवा ब्लॉकला जिथे काळी वायर बोल्टने बसते ती जागा. तिथे रंग गेला की स्टार्टिंगचा त्रास, दिवे मंद, सेन्सरचे भलतेसलते कोड, आणि इलेक्ट्रिशियन दोन दिवस वायरिंग शोधत बसतो. सेन्सर, कनेक्टर, रबरी होजपाइप, बेल्टच्या खाचा, गॅस्केटची बसायची जागा. अल्टरनेटरला जाळीतून हवा लागते, त्यालाही फवारा नको. सीएनजी असेल तर रिड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), पाइप आणि त्याचे जोड तसेच ठेवा. जोडांवर साबणाचा फेस लावून गळती बघतात, तिथे रंगाचा थर अडचणच करतो. त्या जोडांना हात लावायचं कामही सीएनजीच्या माणसाचंच.

आणि चासी नंबर, इंजिन नंबर. गाडी नावावर करताना त्यांचा पेन्सिलने ठसा घेतात. रंगाने अक्षरं बुजली तर आरटीओत तुम्ही खरे असूनही संशयित दिसाल. टेप लावून झाका. गंज असेल तर हलक्या हाताने पुसून ग्रीसचं बोट फिरवा, बस.

जुना रंग कोणता, ते थिनर सांगतो

आधीचा रंग पूर्ण काढणार नसाल तर तो कोणता आहे हे कळलं पाहिजे. कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, थिनरमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं अर्धा मिनिट दाबून धरा. रंग विरघळून फडक्यावर आला तर तो लॅकर, म्हणजे डुको. सुरकुत्या पडून उचलला गेला तर सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर टू-के किंवा कंपनीचा भट्टीतला रंग, आणि तो घट्ट धरून असेल तर तुमचं काम हलकं झालं: ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मारा आणि वर रंग द्या.

पहिले दोन निघाले तर ते मुळापासून काढा. इनॅमलवर जोरदार थिनरचा रंग मारला की खालचा थर उकलतो आणि वरचा सोबत उठतो. एकदा का हे झालं की घासून पुन्हा पहिल्यापासून.

धुणं

सगळ्यात कंटाळवाणी पायरी हीच, आणि रंग टिकणं-न टिकणं बरंचसं हिच्यावर अवलंबून. आपल्याकडे वॉशिंग सेंटरवर इंजिनावर डिझेल किंवा रॉकेलचा फवारा मारून देतात, इंजिन काळंभोर चमकतं. ती चमक तेलकट थराची. त्याच्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉनही हेच करतं, म्हणून काम चालू असताना ती बाटली आसपास नको.

आधी कोरडं खरवडा. जुना स्क्रूड्रायव्हर, पत्र्याची पट्टी, तारेचा ब्रश. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या भागात प्रेशर पंप लावून पाण्याचे लोट सोडण्याची गंमत नको. आणि कोरडं खरवडल्यावर पाणी तसंही निम्मं लागतं. मग रॉकेल आणि ब्रश, मग भांड्याच्या लिक्विडचं गरम पाणी, मग साधं पाणी. ॲल्युमिनियमवर कॉस्टिक सोडा वापरू नका, ते धातूच खातं आणि पार्ट काळा पडतो. बोअरचं पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे डाग राहतात. शेवटचा हात जारच्या पाण्याने घ्या, लिटर-दोन लिटरमध्ये होतं.

स्वच्छ झालं की नाही याची परीक्षा सोपी आहे. पार्टवर स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी सलग पसरलं तर जमलं. थेंब थेंब होऊन गोळा झालं तर तेल अजून आहे, परत साबण. टॅपेट कव्हरवर हे थेंब बहुतेक वेळा गॅस्केटच्या कडेला आणि बोल्टच्या भोवती दिसतात, बाकी मधला भाग छान ओला असतो. नीट पाहा, कडेच्या खाचेत बारीक तपकिरी रेघ असते, जुन्या तेलाची. दात घासायचा जुना ब्रश आणि थिनर घेऊन ती रेघ जाईपर्यंत घासा. रंगाचे पोपडे इथूनच सुटायला लागतात. आणि गॅस्केट पाझरत असेल तर ते आधी बदला.

वाळल्यावर गंजाच्या जागा ८० नंबरने, मग १२०, शेवटी २२० ने. खड्ड्यात राहिलेल्या गंजाला रस्ट कन्व्हर्टर चालतो, पण डबीवर लिहिलाय तितका वेळ देऊन, आणि मॅनिफोल्डवर अजिबात नाही. अगदी शेवटी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरने पुसा. त्यानंतर पार्टला उघडा हात लावायचा नाही, बोटांचं तेलही पुरतं.

कधी मारायचा

दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा उत्तम काळ. परभणीसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० च्या खाली येतो, तेव्हा मात्र टू-के लवकर धरत नाही. ऊन वर आल्यावर दहा-अकराला सुरुवात करा. मे महिन्यात हवा ४२ ला आणि उन्हातला पत्रा ६० च्या पुढे असतो, फवारा पार्टवर पोचायच्या आत हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. करायचंच असेल तर पहाटे, सावलीत आणि स्लो थिनर घालून. पावसाळ्यात दमट हवेत लॅकरवर पांढुरकी झाक येते, तसंच टू-केच्या हार्डनरला ओल सोसत नाही.

धूळ हा वेगळा विषय. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते आणि उन्हाळ्यात वारा सुटला की फटीतूनही येते. काम सुरू करण्याआधी तासभर जमिनीवर सडा मारून ठेवा, दारं लावा, पण हवा खेळायला एक बाजू उघडी ठेवा.

कारण थिनरची वाफ जड असते, खाली साचते. शेजारी देवघरातली समई, गीझर, कंप्रेसरचा ठिणगी उडणारा स्विच, काहीही पुरतं. काम गाडीवरच करणार असाल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुफ्फुसाला वाईट. तोंडाला रुमाल बांधून त्याचं काही होत नाही. ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजचा मास्क घ्या, किंवा टू-केचं काम पेंटरकडेच द्या. नवशिक्यांना मी दुसरा पर्याय सुचवेन: टू-के पेंटरकडे, इंजिन इनॅमल आणि मॅनिफोल्डचा रंग घरी.

हात देताना

स्प्रेची डबी आतली गोळी वाजायला लागल्यानंतर दोन मिनिटं हलवा. पार्टपासून वीतभर अंतर, हात सरळ रेषेत, फवारा पार्टच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. पहिला हात अगदी धूसर, खालचा धातू दिसला तरी चालेल. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एकाच हातात झाकायला गेलात की ओघळ. डबीवर लिहिलेलं क्षेत्रफळ एका हाताचं असतं, तीन हातांना ते पुरत नाही, म्हणून एकाच बॅचच्या दोन डब्या घ्या.

ब्रशने किंवा गनने मारणार असाल तर थिनर नीट बघा. सिंथेटिक इनॅमलला टर्पेंटाइन, दुकानात त्याला एमटीओ म्हणतात. टू-केला पीयू थिनर. एनसी, म्हणजे लॅकरचा थिनर स्वस्त मिळतो म्हणून टू-केत ओतू नका. हार्डनरचं प्रमाण डबीवर असतं, कुठे दोनास एक, कुठे चारास एक. अंदाजाने ओतायचं नाही, मापाचा कप घ्या.

छटा आता ठरवा. माझा कल ब्लॉकला फिक्या राखाडीकडे: तेल कुठून पाझरतंय ते लगेच दिसतं. काळ्यावर ते लपतं, म्हणून गाडी विकणाऱ्यांना काळा आवडतो. पूर्ण मॅट टाळा. त्याच्यात धूळ आणि तेल रुतून बसतं, सेमी-ग्लॉस एका फडक्यात साफ होतो.

भाजणं

इंजिन इनॅमल एक दिवस वाळला की पार्ट बसवता येतो. मॅनिफोल्डच्या रंगाचं तसं नाही, त्याला टप्प्याटप्प्याने भाजावं लागतं. डबीवर वेळ दिलेली असेल तर तीच पाळा. नसेल तर अशी पद्धत: इंजिन दहा मिनिटं आयडलला, मग पूर्ण गार होऊ द्या. मग वीस मिनिटं, पुन्हा गार. मग अर्धा तास, आणि त्यानंतर थोडी चालवून आणा. सरळ महामार्गावर काढलीत तर आत अडकलेला थिनर उकळून फोड येतात.

या वेळी धूर निघतो आणि वास येतो, ते अपेक्षित आहे. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, कडब्याच्या गंजीजवळ किंवा गोठ्यापाशी नको, आणि एक जण अग्निशामक किंवा वाळूची बादली घेऊन जवळ राहू द्या. मॅनिफोल्ड परत बसवलं असेल तर इंजिन गार झाल्यावर त्याचे नट एकदा टॉर्क रेंचने तपासून घ्या.

पहिला आठवडा बॉनेटखाली पाणी किंवा डिग्रीझर मारू नका. टू-केच्या उरलेल्या हार्डनरची डबी एकदा उघडली की हवेतली ओल शोषून घट्ट होत जाते, त्यामुळे झाकण घट्ट लावून वर तारीख टाका. जूनमध्ये उघडलेला हार्डनर दिवाळीत वापरायचा नाही, नवीन छोटी डबी आणायची.